घरच्या छताला जिप्सम बोर्ड स्वतः बसवताना: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

फ्लॅटचं नूतनीकरण काढलं की फॉल्स सीलिंगचा विषय निघतोच. बहुतेक जण ते पूर्ण ठेकेदारावर सोपवतात आणि त्यात गैर काही नाही. पण हाताला ड्रिलची सवय असेल, घरात आणखी एक-दोघं मदतीला असतील आणि घाई नसेल, तर एका साध्या खोलीचं सपाट छत स्वतः करता येतं. मी केलं आहे. त्या वेळी कुणी एका जागी सगळं सांगितलं असतं तर बराच गोंधळ वाचला असता, म्हणून हा लेख.

सगळी मापं दहा बाय बारा फुटांच्या एका बेडरूमसाठी दिली आहेत. तुमची खोली वेगळी असेल तर याच पद्धतीने आकडे बदलून घ्या. पहिल्या वेळी खोलीही अशीच निवडा: चौकोनी, मध्ये बीम नसलेली, वर कुणाचं बाथरूम नसलेली. कोव्ह (कडेने दिवे लपवणारी खाच), पायऱ्यापायऱ्यांची डिझाइनं, गोल कडा हे सगळं पुढच्या खोलीसाठी ठेवा.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. बोर्ड चढवणं हा या कामातला दिसणारा भाग आहे, पण छत टिकतं ते वरच्या सांगाड्यावर आणि त्याही वरच्या स्लॅबवर. वेळ आणि पैसा दोन्ही तिथे घाला.

१. आधी स्लॅब बघा

फॉल्स सीलिंग गळती झाकतं, थांबवत नाही. जिप्सम बोर्ड म्हणजे दोन कागदांमधलं जिप्सम. ओल लागली की कागदाला बुरशी धरते, बोर्ड मऊ होऊन झोळ पडतो आणि शेवटी स्क्रूवरून सुटतो. तुमचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग एक अख्खा पावसाळा पाहिल्याशिवाय छताला हात लावू नका. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत दिसणारा स्लॅब जुलैत काय करतो, ते तेव्हाच कळतं.

मधल्या मजल्यावर असाल तर वरच्या घराचं संडास-बाथरूम आणि किचनचा ओटा नेमका कुठे येतो ते विचारून घ्या. स्लॅबवर पिवळट डाग, पांढरे खार, फुगलेला रंग दिसला तर ते काम आधी मिटवा.

जुन्या इमारतींत आणखी एक तपासणी लागते. स्लॅबवर हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकत जा. पोकळ आवाज आला किंवा गिलाव्याला लांब सरळ चिरा दिसल्या तर आतली सळई गंजून काँक्रीट सुटायला आलेलं असू शकतं. हे छत शंभर किलोंच्या वर भरतं, ते अशा स्लॅबला टांगायचं नसतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, दुरुस्ती करा, मगच पुढे जा.

नव्या टॉवरमध्ये राहत असाल तर स्लॅब पोस्ट-टेन्शन आहे का, हे बिल्डरच्या किंवा सोसायटीच्या ऑफिसात विचारा. अशा स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात आणि त्यांना ड्रिल लागणं धोक्याचं आहे. उत्तर ‘हो’ आलं तर केबलचा नकाशा हातात असल्याशिवाय एकही भोक पाडू नका.

२. कागदपत्रं आणि परवानगी

सोसायटीत काम करायचं तर कमिटीला आधी अर्ज द्या. साधारणपणे एवढं मागतात:

- कामाचं स्वरूप लिहिलेला अर्ज: ‘बेडरूममध्ये जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग, कोणतीही भिंत, बीम किंवा स्लॅब तोडणार नाही’ असं स्पष्ट लिहा
- खोलीचा मापांसह कच्चा नकाशा
- नियम पाळण्याचं हमीपत्र, आणि काही ठिकाणी परत मिळणारी अनामत रक्कम
- बाहेरचा मदतनीस किंवा इलेक्ट्रिशियन येणार असेल तर त्याच्या ओळखपत्राची प्रत, गेटवर देण्यासाठी

भाड्याच्या घरात असाल तर मालकाची परवानगी लेखीच घ्या. कामाच्या वेळा विचारून ठेवा. दुपारची विश्रांतीची वेळ बहुतेक सोसायट्या पाळतात आणि स्लॅबमध्ये ड्रिल मारल्याचा आवाज चार मजले जातो. खालच्या-वरच्या शेजाऱ्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगितलं तर काम शांतपणे होतं.

३. सामान: काय, किती आणि कसं पारखायचं

घराच्या छताला १२.५ मिमी जाडीचा बोर्ड लावतात. सहा फूट बाय चार फूट हे सर्वांत सोयीचं माप. एक बोर्ड साधारण १८ ते २० किलोंचा भरतो, दोघांना पेलवतो आणि जिन्याने वर नेता येतो. आठ फुटी बोर्डात सांधे कमी येतात, पण तो जिन्याच्या वळणावर अडतो. लांब कडा निमुळती केलेला म्हणजे टेपर्ड एज बोर्डच मागा. सांध्याचा मसाला त्या उतारात बसतो आणि उंचवटा राहत नाही. बाथरूमसाठी ओलावा-प्रतिबंधक बोर्ड वेगळा येतो, त्याचा कागद बहुधा हिरवट असतो. तोही ओलावा सोसतो, गळती नाही.

दहा बाय बारासाठी यादी:

- बोर्ड ६×४ फुटी: ६ लागतात, ७ आणा
- पेरिमीटर चॅनल (भिंतीलगत फिरणारा): १२ फुटी ४ नग
- इंटरमिजिएट चॅनल (वरचा, वजन पेलणारा): १२ फुटी ३ नग
- सीलिंग सेक्शन (ज्याला बोर्ड लागतो तो): १२ फुटी ६ नग
- स्लॅबला लावायचे क्लीट (अँगल अडकवायचे पत्र्याचे कोन) आणि धातूचे एक्स्पान्शन फास्टनर (भोकात आवळले की फुगून घट्ट बसणारे बोल्ट): ९ जागा, म्हणून १२ आणा
- टांगायचा जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचा) अँगल, २५×१० मिमी
- कनेक्टिंग क्लिप: १८ जोड, २५ आणा
- २५ मिमीचे काळे ड्रायवॉल स्क्रू: पाचशेचा एक डबा
- पत्र्याला पत्रा जोडायचे छोटे स्क्रू. भिंतीसाठी नायलॉन प्लग आणि स्क्रू
- जॉइंटिंग कंपाउंड आणि कागदी जॉइंट टेप

पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट किंवा तुमच्या गावातली प्लायवूडची मोठी दुकानं इथे हे सगळं एका ठिकाणी मिळतं. पण एक सापळा जपा. चॅनल आणि सेक्शन दिसायला सारखेच असतात, जाडीत फरक असतो. पेरिमीटर चॅनल आणि सेक्शन ०.५५ मिमी पत्र्याचे, इंटरमिजिएट चॅनल ०.९ मिमीचा, हे प्रमाण धरा. स्वस्तातला माल पातळ पत्र्याचा निघतो. बारा फुटी सेक्शन एका टोकाला धरून उचलून पाहा. फारच लवलवला किंवा अंगठ्याने दाबून कड वाकली तर नको. बोर्डावर कंपनीचं नाव आणि आयएस २०९५ हा मानक क्रमांक छापलेला असतो, तो बघा आणि पक्कं बिल घ्या.

घरी आणताना बोर्ड कडेवर उभा धरून न्या. आडवा धरला तर मध्ये मोडतो. ठेवताना मात्र आडवा, खाली लाकडी पट्ट्या देऊन, खिडकीच्या पावसापासून लांब. भिंतीला टेकवून ठेवलेला बोर्ड आठवड्यात बाक धरतो.

४. हत्यारं

हॅमर ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर मशीन, पत्रा कात्री, कटर आणि जादा पाती, सरळ पट्टी, टेप, ओळंबा, रंगीत पूड लावलेली दोरी, पातळ नायलॉन दोरी. लेव्हलसाठी लेझर मिळाला तर भाड्याने घ्या, नाहीतर गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी उत्तम काम देते. उभं राहायला दोन घोड्या आणि त्यावर जाड फळ्यांचा पाट हवाच. शिडीवर उभं राहून बोर्ड चढवू नका, दोन्ही हात वर असताना पाय शिडीच्या दांड्यावर टिकत नाहीत. डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला चांगला धूळ-मास्क, कारण स्लॅबमधली धूळ थेट चेहऱ्यावर येते.

आणि एक टी-आकाराचा लाकडी टेकू करून घ्या. उंची छतापेक्षा अर्धा इंच जास्त, वरची आडवी पट्टी तीन फुटांची. बोर्ड छताला लावून हा टेकू खाली ठोकून बसवला की हात मोकळे होतात.

५. उंची ठरवा आणि रेषा मारा

स्लॅबपासून किती खाली यायचं? सांगाडा, बोर्ड आणि आत बसणारे एलईडी दिवे धरून चार-पाच इंच पुरतात. त्याहून खाली यायचं कारण असेल तरच या. राहत्या खोलीची उंची २.७५ मीटर असावी असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, वातानुकूलित खोलीला फॉल्स सीलिंगखाली २.४ मीटरपर्यंत चालते. आपल्याकडे बऱ्याच फ्लॅटमध्ये मुळातच उंची जेमतेम असते, त्यामुळे प्रत्येक इंच मोजून द्या. एसी असेल तर त्याच्या वर हवा ओढायला जागा राहते का, खिडकीचं वरचं फ्रेम आणि पडद्याचा रॉड छताच्या खाली राहतो का, कपाटाची वरची दारं उघडतात का, हे आताच बघा.

आता सर्वांत महत्त्वाचं. उंची स्लॅबवरून खाली मोजू नका आणि फरशीवरूनही वर मोजू नका. दोन्ही पातळीत नसतात. डोळ्यांच्या उंचीवर एका कोपऱ्यात खूण करा, पाण्याच्या नळीने ती चारही भिंतींवर, प्रत्येक भिंतीवर निदान दोन ठिकाणी न्या. नळीत बुडबुडा राहता कामा नये. एक बुडबुडा सगळी लेव्हल खोटी करतो. मग या खुणांपासून सगळीकडे सारखंच अंतर वर मोजून दोरीने रेषा मारा. फिरून पहिल्या खुणेला आल्यावर रेषा जुळली नाही तर पुन्हा सुरुवात करा. ही रेषा म्हणजे पेरिमीटर चॅनलची खालची कड. तयार छत तिच्याही खाली १२.५ मिमी येईल, हे लक्षात ठेवा.

६. सांगाडा

पेरिमीटर चॅनल चारही भिंतींना रेषेवर, दर दोन फुटांवर प्लग आणि स्क्रूने लावा. भिंत विटांची असेल तर नायलॉन प्लग चालतो. सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत असेल तर साधा प्लग आतल्या आत फिरतो. त्यासाठी लांब, त्याच ब्लॉकसाठी बनवलेले प्लग घ्या.

मग स्लॅबवर खुणा. इंटरमिजिएट चॅनल दहा फुटी दिशेने धावतील, एका भिंतीपासून २, ६ आणि १० फुटांवर अशा तीन ओळी. प्रत्येक ओळीवर १, ५ आणि ९ फुटांवर टांगायची जागा. म्हणजे कुठेही दोन टांगण्यांत चार फुटांपेक्षा जास्त अंतर नाही आणि भिंतीपासून पहिली ओळ दोन फुटांच्या आत. तिन्ही ओळी खोलीच्या प्रत्यक्ष मापाइतक्या, प्रत्येक बारा फुटी नगातून कापून घ्या.

ड्रिल मारण्याआधी मेन बोर्डावरून त्या खोलीची लाइन बंद करा आणि ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून घ्या. स्लॅबमधून वायरचे पाइप गेलेले असतात, बहुतेक पंख्याच्या बॉक्सपासून स्विचबोर्डाच्या भिंतीकडे आणि दिव्यांच्या पॉइंटकडे. या सरळ रेषा डोळ्यांसमोर धरा आणि त्यांच्यावर भोक येत असेल तर चार इंच सरका. फास्टनरला लागेल तेवढंच खोल जा. ड्रिल एकदम सैल पडून आत गेलं तर थांबा, पाइप लागला असण्याची शक्यता आहे.

स्लॅबला प्लास्टिकचे प्लग कधीही वापरू नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. वजन खाली ओढत असतं आणि प्लास्टिकचा प्लग वर्षागणिक ढिला होतो. धातूचा एक्स्पान्शन फास्टनर, त्याला क्लीट, क्लीटला अँगल. प्रत्येक अँगल लावला की दोन्ही हातांनी जोर देऊन खाली ओढून पाहा. हललं तर ती जागा सोडून नवीन भोक पाडा.

सीलिंग सेक्शनची उंची २६ मिमी असते आणि तो इंटरमिजिएट चॅनलच्या खाली बसतो. म्हणून भिंतीवरच्या रेषेपेक्षा इंटरमिजिएट चॅनल २६ मिमी वर आला पाहिजे. भिंतीपासून भिंतीपर्यंत नायलॉन दोरी ताणून त्या उंचीवर चॅनल आणा आणि अँगलला दोन-दोन स्क्रूने जखडा.

आता सेक्शन. हे आडवे, बारा फुटी दिशेने, ४५७ मिमी म्हणजे दीड फुटाच्या मध्यांतराने. भिंतीपासून पहिला दीड फुटावर, मग तीन, साडेचार, सहा, साडेसात, नऊ. टोकं पेरिमीटर चॅनलमध्ये अलगद बसतात, तिथे पाच मिमी कमीच कापा. जिथे जिथे सेक्शन आणि इंटरमिजिएट एकमेकांना ओलांडतात तिथे कनेक्टिंग क्लिप लावा, एकही जागा सोडू नका. दीड फूटच का, याला कारण आहे: सहा फुटी बोर्डाचं टोक बरोबर चौथ्या सेक्शनच्या मध्यावर येतं. अंतर ‘साधारण’ ठेवलंत तर बोर्डाचं टोक हवेत राहील.

शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी दोरी ताणून सगळे सेक्शन तिला जेमतेम स्पर्श करतात का बघा. इथला तीन मिमीचा फरक रंगानंतर संध्याकाळच्या तिरप्या उजेडात लांबून दिसतो.

७. वायरिंग, पंखा आणि वजनदार वस्तू

बोर्ड चढवायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. वायरी पाइपमधून जाऊ दे, सेक्शनच्या धारेवर उघड्या पडू देऊ नका. दिव्यांच्या जागा दोन सेक्शनच्या मधोमध येतील अशा ठरवा.

पंखा सांगाड्याला किंवा बोर्डाला टांगायचा नाही. तो स्लॅबमधल्या हुकावरच राहतो, फक्त रॉड लांब घ्यावा लागतो. बोर्डातलं भोक रॉडपेक्षा मोठं ठेवा, रॉड बोर्डाला घासला तर आयुष्यभर आवाज येत राहतो. झुंबर, पाळणा यांनाही हाच नियम. एसीचा ड्रेन पाइप किंवा नळाचा एखादा जोड वर राहणार असेल तर तिथे उघडता येणारा झडप-दरवाजा ठेवा.

सगळा सांगाडा आणि वायरी, टेप लावून मापासकट मोबाइलवर टिपून ठेवा. सेक्शन कुठे आहेत त्याच्या पेन्सिल खुणा भिंतीवर रेषेच्या खाली करा; बोर्ड वर गेल्यावर स्क्रू कुठे मारायचा हे त्याच सांगतात.

८. बोर्ड चढवणं

बोर्ड कापायची रीत सोपी. पांढऱ्या बाजूने पट्टी धरून कटर एकदा नीट ओढा, कागद आणि थोडं जिप्सम कापलं गेलं पाहिजे. मग खाली धार देऊन दाबा, बोर्ड खाकऱ्यासारखा कटकन मोडतो. मागचा कागद कटरने कापा, कड घासून सरळ करा. पांढरी बाजू खोलीकडे.

बोर्डाची लांबी सेक्शनला आडवी येते. दहा फुटांत पहिल्या ओळीला ७२ इंचांचा पूर्ण बोर्ड आणि ४८ इंचांचा तुकडा. दुसऱ्या ओळीला ५४ आणि ६६ इंच. तिसरी पुन्हा पहिल्यासारखी. असं केलं की टोकांचे सांधे एका रेषेत येत नाहीत आणि तरीही प्रत्येक सांधा सेक्शनवरच पडतो. चार बोर्डांचे कोपरे एका बिंदूत भेटले तर तिथून चीर जाणारच. खोली क्वचितच बरोबर दहा बाय बारा भरते, म्हणून सर्वांत सरळ भिंतीकडून सुरुवात करा आणि प्रत्येक तुकडा चढवायच्या आधी जागेवर मोजा. भिंतीलगत तीन मिमी मोकळे सोडा.

एकाने आणि टेकूने बोर्ड घट्ट वर दाबून धरायचा, दुसऱ्याने स्क्रू मारायचे. बोर्डाच्या मध्यापासून कडेकडे जा. स्क्रूमध्ये २३० मिमी अंतर, कारखान्याच्या कडेपासून १० मिमी आणि कापलेल्या कडेपासून १५ मिमी आत. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित खाली जावं, पण कागद फाटू नये. कागद फाटला की त्या स्क्रूची पकड गेली. शेजारी दुसरा मारा. मशीनचा क्लच आधी उरलेल्या तुकड्यावर जुळवून घ्या.

९. सांधे

कापलेल्या कडांना टेपर नसतो, तिथे कटरने इंग्रजी व्ही-सारखी छोटी खाच करा आणि धूळ झाडा. मग कंपाउंडचा पहिला हात, ओला असतानाच कागदी टेप मध्यावर ठेवून पात्याने दाबा, खालची हवा बाहेर काढा. पूर्ण वाळल्यावर दुसरा हात आठ-दहा इंच रुंद, तोही वाळल्यावर तिसरा बारा इंचांपर्यंत विरत नेलेला. स्क्रूच्या डोक्यांवरही तेच. भिंतीच्या कोपऱ्यात टेप मधोमध दुमडून बसवा.

घाई करायचा मोह इथेच होतो. वरून कोरडा वाटणारा हात आतून ओला असतो आणि पुढचा थर त्यावर चढवला की महिन्याभरात केसासारखी चीर उमटते. पावसाळी हवेत दोन हातांमध्ये दोन दिवसही जाऊ शकतात, जाऊ द्या. काही कारागीर टेपऐवजी कापडाची पट्टी आणि फेविकॉल सुचवतात, ते करू नका.

वाळल्यावर १५० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. बल्ब हातात धरून छताच्या जवळून आडवा उजेड टाका, उंचसखलपणा लगेच दिसेल.

१०. रंग आणि शेवटची आवराआवर

आधी पाण्यावर आधारित प्रायमर, मग रंगाचे दोन हात. रंगारी सवयीने पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी अख्ख्या छतावर ओढतात. बोर्डाच्या कागदावर ती नीट धरत नाही आणि पुढे पोपडे सुटतात. हवीच असेल तर ॲक्रिलिक पुट्टीचा पातळ हात द्या. दिव्यांची भोकं प्रायमरनंतर होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडा, खालून कुणी झाकण धरून उभं राहिलं तर धूळ कमी पसरते.

बोर्डाचे तुकडे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. गोणीत भरून राडारोडा म्हणूनच द्या, महापालिकेच्या गाडीची वेळ सोसायटीच्या ऑफिसात कळते. उरलेला सातवा बोर्ड आणि थोडं कंपाउंड टाकून देऊ नका. पहिल्या उन्हाळ्यानंतर भिंतीलगतच्या कोपऱ्यात एखादी बारीक चीर दिसू शकते. ती कटरने थोडी उघडून, कंपाउंड भरून, टेप लावून त्याच रंगाचा हात दिला की मिटते. म्हणून रंगाचा शेड नंबरही लिहून ठेवा.